पांढऱ्यावर पांढरं

"हात घालायची घाई नको, खारे. आधी बघ. बॅटरी तिरकी धर. समोरून उजेड मारलास तर काच दिसते, मासा दिसत नाही."

लहानपणापासून तिला खार म्हणणाऱ्या मावशीचा हा आवाज इतक्या वर्षांनी नेमका सोमवारी सकाळी तिच्या कानात उमटला, तेव्हा तिच्या चिमटीत माशांच्या खाण्याचे दाणे होते आणि हात टाकीवर अधांतरी थांबला होता. शेठच्या गालांवर पांढरे ठिपके आले होते. माशाला गाल नसतात, कल्ल्यांवरची झाकणं असतात. पण शेठकडे बघताना गाल हाच शब्द सुचायचा. नारिंगी अंग, सुटलेलं पोट, जेवणानंतरची शतपावली घालावी तशी चाल. मावशीनेच त्याला शेठ म्हणायला सुरुवात केली होती, आणि वृद्धाश्रमात राहायला जाताना टाकीसकट तो इथे पाठवला होता. ठिपके बारीक होते, कुणी मिठाची चिमूट शिंपडावी तसे. बोलायची सोय नव्हती, कारण सकाळी एका तरी जिवाला खाऊपाणी घातल्याशिवाय तोंडातून शब्द काढायचा नाही, असा तिचा बऱ्याच वर्षांचा नेम होता. माशांना खाणं पडायचं आणि तिचा दिवस बोलता व्हायचा. आज खाणं पडलंच नव्हतं. तोंडाला दाढीचा फेस लावलेला नवरा मागून येऊन म्हणाला, "काय गं, पुतळा झालीस?" आणि मग त्यालाही दिसलं. "अरे बापरे. अंगावर फुटलंय की त्याच्या. हे बघ, रविवारी मुलाकडचे लोक येणार. दारातून आत आलं की पहिली टाकीच दिसते. त्याला कुठेतरी हलव." तिने टाकीवरचा हात मागे घेतला. "मला माहीत आहे गं, मावशींचा आहे तो. पण..." एवढं बोलून तो आरशाकडे परत गेला. तो 'पण' तिथेच टाकीच्या काचेवर वाफेसारखा राहिला. तिने चिमटीतले दाणे खिडकीच्या कठड्यावर मुंग्यांना घातले. नेम पार पडला, तोंड मोकळं झालं. पण तोवर नवरा नळ सोडून बसला होता आणि तिच्याजवळ बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मग तिच्या हातांनीच काय ते केलं. हिरवी बादली घेतली, टाकीतलंच पाणी तिच्यात काढलं, मीठ विरघळवलं, जाळीने शेठला उचललं आणि बादलीत सोडून बादली न्हाणीघराच्या कोपऱ्यात, दाराआड ठेवली. वर ताटली झाकली. शेठ दोन वेळा गोल फिरला आणि बादलीच्या भिंतीशी तोंड लावून उभा राहिला. टाकीत आता एकटी पाहुणी उरली. पाहुणी म्हणजे होणाऱ्या जावयाने मागच्या आठवड्यात आणलेली पांढरीशुभ्र मासोळी, पदरासारख्या शेपटीची. मुलगा भला होता. लेकीने एकदा सांगितलं की आमच्याकडे मासा आहे, एवढं लक्षात ठेवून तो पाण्याची पिशवी छातीशी धरून जिने चढून आला होता. नवऱ्याने मोठ्या कौतुकाने ती मासोळी तिथल्या तिथे टाकीत सोडली. "शेठजी, जोडीदार आली हो," असंही म्हणाला. सगळे हसले, तीही हसली. नवा मासा आधी वेगळ्या पाण्यात ठेवून पारखायचा असतो हे तिला आठवलं होतं. पण होणाऱ्या जावयाच्या देखत त्याच्या भेटीला वेगळं कसं बसवायचं?

दुकानात दिवसभर ती काउंटरमागे उभी राहिली. कपड्यांच्या ड्रायक्लीनिंगचं दुकान, आणि तिचं काम कपडे घेताना तपासायचं. बाह्या, काखा, कॉलर, पोटावरचा भाग. डाग दिसला की गिऱ्हाइकाला दाखवायचा आणि त्याच्याभोवती खडूने गोल काढायचा. "घेताना दिसला तर डाग गिऱ्हाइकाचा, देताना दिसला तर आपला," असं मालक येता-जाता म्हणायचा, गीता सांगावी तसं. एक बाई पांढरं जाकीट घेऊन आल्या होत्या. "यावर काहीच नाहीये हं," म्हणाल्या. तिने जाकीट उचललं आणि सवयीने खिडकीकडे तोंड करून तिरकं केलं. पोटाजवळ तळहाताएवढी जागा उगीच चकाकली. "काही गोड सांडलं होतं का?" बाई हसल्या. "सरबत. पण ते वाळून गेलं हो, डाग पडलाच नाही." ती म्हणाली, "पडलाय. साखरेचा आहे. इस्त्री बसली की तपकिरी होऊन वर येईल." बाई हिरमुसल्या, आणि तिचं बोट त्या चकाकीवर थांबून राहिलं. काहीतरी आठवायचं होतं, ते जिभेच्या टोकाशी आलं आणि परत गेलं. त्याच्या जागी आला मावशीचा हात.

मावशीच्या हाताला कोड होतं. आधी मनगटावर एक ठिपका होता, मग कोपरापर्यंत बेटं, मग गळ्याला एक अख्खा खंड. "ये, भूगोल शिकवते," असं म्हणत मावशी बाही सारायची. "हा समुद्र, हा किनारा. मागच्या वर्षी हे बेट एवढंसं होतं. माझ्या राज्याचा विस्तार होतोय बघ, लढाई न करता." ती लहान होती, तिने त्या किनाऱ्यांवरून बोट फिरवलं होतं, आणि कातडी तशीच लागली होती, ऊन आणि मऊ. मावशी तेव्हा त्यांच्याकडेच राहायची, आणि त्याच घरात तिचा टॉवेल वेगळ्या खिळ्यावर असायचा. निळा, एकटा. हे आईचं काम. आई मावशीची सख्खी बहीण; डॉक्टरांनी तिच्यासमोर दोनदा सांगितलं होतं की हे लागत नाही, वाढलं तरी ज्याचं त्याच्यापुरतं. "माहीत आहे गं मला," आई पोळपाटाशी बसून म्हणायची, "पण..." आणि पुढचं वाक्य पिठात मळून टाकायची. कंगवा वेगळा. पेला वेगळा. मावशीला कुणी 'जा' म्हटलं नाही, कुणी वाकडं बोललंही नाही. त्या घरात सगळं त्या दोन अक्षरांवर चाललं होतं. मावशीने मग स्वतःच खोली घेतली, नोकरी केली, भिंतीला लागून चार टाक्या मांडल्या. शाळा सुटली की ती तिथे जायची, आणि तिथे सगळ्यांना एकच टॉवेल होता.

मोठी साथ तिने तिथेच पाहिली होती. लहान चंदेरी मासे दगडांना अंग घासू लागले. घासायचे आणि झटका देऊन वळायचे, कुणी आतून टोचल्यासारखे. मग ठिपके आले. मावशीने तिला जवळ बसवून सांगितलं, "हा डाग नाही, खारे. हे घर आहे. आत एक जीव बसलाय, कातडीखाली, खातोय आणि फुगतोय. त्याचं पोट भरलं की तो आपला आपण गळून तळाशी जातो, खड्यांत दडतो आणि एकाचे शेकडो होतो. ते शेकडो मग पाण्यात निघतात, नवं अंग शोधत. कातडीत असताना औषध त्याला लागत नाही, तळाशी असतानाही लागत नाही. पोहायला निघाला की तेवढ्यातच सापडतो." मग ती बारीक आवाजात, मंत्र द्यावा तशी म्हणाली, "म्हणून मासे स्वच्छ दिसायला लागले ना, की घाबरायचं. लोक तेव्हाच औषध बंद करतात."

आणि हे सगळं माहीत असणाऱ्या बाईला तिने महिन्यापूर्वी, वृद्धाश्रमाच्या व्हरांड्यात बसून, शब्द दिला होता. मावशीने तक्रार केली नव्हती. "इथे माझी फार बडदास्त आहे हो," एवढंच म्हणाली होती. "पेलासुद्धा स्वतंत्र. शेजारच्या खाटेवरच्या बाई तर खोलीच सोडून गेल्या, मला ऐसपैस व्हावं म्हणून." आणि हसली होती. त्या हसण्यानेच तिच्या तोंडून निघून गेलं होतं, "मावशी, लेकीची परीक्षा संपली की त्या रविवारी तुला घरी नेते. कायमची." आता परीक्षा संपली होती, आणि त्याच रविवारी मुलाकडचे लोक जेवायला यायचे होते. "सहा महिन्यांचा प्रश्न आहे," नवरा म्हणाला होता. तो शाळेत गणित शिकवायचा, त्याला प्रश्न आणि महिने यांचं वावडं नव्हतं. "लग्न होऊन जाऊ दे, मग मी स्वतः आणायला येतो. लागत नाही, मला का माहीत नाही? पण..." लेकीनेसुद्धा गळ्यात हात टाकून म्हटलं होतं, "आण ना गं आजीला. पण रविवारनंतर." आणि त्याच्याही आधी, मुलाच्या आई पहिल्यांदा आल्या तेव्हा बोलता बोलता सहज म्हणाल्या होत्या, "तुमच्यात कुणाला त्वचेचं बिचेचं काही नाही ना?" नवरा पटकन म्हणाला होता, "छे!" ती तेव्हा पेल्यांत पाणी ओतत होती. दुपार होती, सकाळचा नेम कधीच संपला होता, कुठल्याही व्रताने तिचं तोंड बांधलेलं नव्हतं. तिने शेवटचा पेला काठोकाठ भरला होता. तो 'छे' नवऱ्याचा होता, पण ते गप्प बसणं तिचं होतं, आणि देवापुढे बसली की हल्ली तेच आधी पुढे यायचं.

घेताना दिसला तर गिऱ्हाइकाचा, देताना दिसला तर आपला. मालकाचं वाक्य डोक्यात फिरत राहिलं. रविवारीच मावशीला समोर बसवलं तर? मग तिला स्वतःचीच शरम वाटली. मावशी काय जाकीट आहे, खडूने गोल काढायला? ती डाग नव्हती. कधीच नव्हती. पण मग सकाळी शेठला बादलीत टाकताना आपले हात एवढे सराईत कसे होते? कुणी शिकवलं होतं त्यांना? ताटली झाकताना मनगट वळलं, ते आईचं मनगट होतं.

संध्याकाळी घरी येऊन ती चपला काढून थेट न्हाणीघरात गेली. शेठ जिवंत होता. बादलीत त्याला वळायला जागा अपुरी होती, तरी तो वळत होता, आणि तिची सावली पडताच वर येऊन तोंड उघडझाप करू लागला. भुकेला होता. आजारी मासा असा मागत नाही, हे तिच्या मनात आलं, पण त्यावर तिचा विश्वास बसेना. तिने मावशीला फोन लावला.

"बोल, खारे. आवाज असा का? कोण गेलं?"

"कुणी नाही. मावशी, शेठच्या अंगावर ठिपके आलेत. पांढरे. मी त्याला वेगळा काढलाय."

"कुठे आहेत? सगळ्या अंगावर?"

"नाही. कल्ल्यांवर. आणि पुढच्या परांच्या कडेला."

"विस्कटलेले, की ओळीने?"

तिने वाकून बघितलं. दोन्ही गालांवर सारखे, परांच्या पुढच्या दांडीवर एकाखाली एक, कुणी टाके घातल्यासारखे. "ओळीने," ती म्हणाली.

पलीकडून आधी खोकला आला आणि मग हसू फुटलं. "अगं वेडे! तो आजारी नाही, तो नर आहे. वयात आले की नरांना येतात तसे, मोसमापुरते. आमच्या शेठना या वयात म्हातारचळ लागलाय! टाकीत कुणी बाईमाणूस आणून सोडलंत की काय?"

तीही हसली, हसताना डोळे भरून आले. "हो. होणाऱ्या जावयाने आणलीय. पाहुणी म्हणतो आम्ही तिला."

"बरं. मग त्याला बिचाऱ्याला बादलीत कशाला?" मावशी अजून हसत होती. "त्याचं अंग ते. त्याने कुणाचं काय केलंय?"

तिने बादलीच्या काठावर बोट टेकवलं. न्हाणीघराचा नळ थेंब थेंब गळत होता. मावशीचं हसणं थांबलं, आणि दुसऱ्याच, जुन्या, टाक्यांजवळच्या आवाजात तिने विचारलं, "कुणी अंग घासतंय का दगडाला?"

तेव्हा तिला आठवलं. गेले दोन-तीन दिवस टाकीतून बारीक आवाज यायचा, खडे हलल्याचा. शेठ उकरतोय, असं घरातल्या सगळ्यांनी धरलं होतं. पण आता शेठ तिच्या पायाशी बादलीत होता, आणि मघाशी चपला काढताना तो आवाज आला होता.

"मावशी," ती म्हणाली, "ती पांढरी आहे."

"अस्सं," मावशी हळूच म्हणाली. "दिवा बंद कर. बॅटरी आण."

दिवाणखान्यातला दिवा तिने मालवला. लेक सोफ्यावरून उठून जवळ आली, "आई, काय?" तिने बॅटरी काचेच्या बाजूला, अगदी कडेला धरली. उजेड पाहुणीच्या अंगावरून सरपटत गेला, सकाळच्या जाकिटावरून खिडकीचा उजेड गेला होता तसा, आणि त्या शुभ्र अंगावर बारीक बारीक उंचवटे उभे राहिले, प्रत्येकाला आपापली सावली. पाठीवर, पोटावर, पदरासारख्या शेपटीभर. शेकड्याने. मासोळी एकदम खाली झेपावली, दगडाला अंग घासून उलटली आणि परांना आवळून कोपऱ्यात थरथरत उभी राहिली. "शी," लेक म्हणाली, आणि लगेच, "बिचारी. आई, हे इतके दिवस आपल्याला दिसलं कसं नाही?"

"पांढऱ्यावर पांढरं," ती म्हणाली. फोन कानाशीच होता.

"तिला नावं ठेवू नका हं," मावशी सांगत होती. "तिला दुकानातल्या पाण्यात लागलंय, तिचा काय दोष. फक्त तिच्यावर दिसलं नाही, एवढंच. आणि शेठला टाक परत. पाणी एकच होतं ना दोघांचं? मग एकाला वेगळं काढून काय होणार! औषध पाण्याला द्यायचं असतं, खारे, माशाला नाही."

फोन ठेवण्याआधी मावशीने विचारलं, "रविवारी किती वाजता येतेस? मी पिशवी भरून ठेवलीय." आणि तिच्या तोंडातून, पिठात मळलेलं, आईचं, नवऱ्याचं, लेकीचं ते अक्षरयुग्म बाहेर पडलं, "येते मावशी, पण..." मग मावशी अगदी सहज म्हणाली, "बरं बरं. हीटर एकदम चढवू नकोस हं. हळूहळू." फोन बंद झाल्यावरही तिने तो कानाला लावून ठेवला होता.

औषध मासेवाल्याने दिलं, गडद निळं. शेठ टाकीत परतला. तिने फिल्टरमधला कोळसा काढून ठेवला, नाहीतर तोच सगळं औषध पिऊन टाकतो. पाणी जरा जरा ऊन केलं, बुडबुड्यांची नळी वाढवली, कारण ऊन पाण्यात माशांना श्वास कमी पडतो. मीठ आधी वाटीत विरघळवून घातलं. रोज नळीने तळ उपसला, कारण रोग आता तिथे होता. टाकी शाईच्या दौतीसारखी झाली आणि दिवाणखान्यावर निळी छाया पडली. माणसं सोफ्यावर बसली की त्यांचे चेहरे पाण्याखालचे दिसायचे. काम करताना तिच्या तोंडात नाम असायचं, पण मध्येच ते तुटायचं आणि 'येते मावशी, पण' तिथे येऊन बसायचं. तिला वाटायचं की हेही असंच असेल, कुणाच्या तरी अंगावरून गळून तळाशी गेलेलं. आईच्या, मग आपल्या, मग लेकीच्या. तळ उपसताना नळीत गढूळ धागे वर चढायचे, ती ते बघत राहायची. आपण मावशीला काही वाईट बोललो नव्हतो. आईही नव्हती बोलली.

शनिवारी पाहुणीच्या अंगावर एकही उंचवटा राहिला नव्हता. बॅटरी तिरकी धरूनही नाही. तिने पर पसरले होते, आणि शेठ आपले ओळीचे ठिपके मिरवत तिच्या मागे मागे फिरत होता. नवरा खूश झाला. "वा! गेले ना सगळे डाग? मग आता हे निळं पाणी काढून टाक बघू. उद्या लोक यायचेत, दौतीत मासे पाळलेत म्हणतील."

"आत्ता काढायचं नाही," ती म्हणाली.

"अगं, बरे झालेत ते!"

"बरे दिसतायत. दुखणं आत्ता तळाशी आहे. आत्ता थांबलं तर सगळं पुन्हा वर येईल."

"आणि त्यांनी विचारलं म्हणजे?"

"सांगायचं की आजार होता. औषध चालू आहे."

नवऱ्याने तिच्याकडे बघितलं. ती माशांबद्दलच बोलत होती, तरीसुद्धा तो थोडा अवघडला. "त्यांच्याच मुलाने आणलेली मासोळी," तो म्हणाला, "बरं दिसेल का ते?" ती म्हणाली, "मुलाला मी बुधवारीच कळवलंय. 'बरं झालं सांगितलंत,' म्हणाला. त्याच्या घरच्या टाकीतही घालतोय तो औषध." नवरा सोफ्यावर बसला, आणि त्याचा चेहरा निळा झाला.

रविवारी ती नेहमीसारखी उठली. आंघोळ केली, देवापुढे बसली. आज पहिल्यांदा पाण्याचे पेले पुढे आले नाहीत, की आले आणि तिने त्यांना येऊ दिलं, हे तिला सांगता आलं नसतं. माशांना आज उपास होता. औषधात असताना मधून मधून तो घालायचाच असतो. खिडकीच्या कठड्यावर मुंग्या फिरत होत्या, तिने तिकडे बघितलं आणि हात आवरला. थर्मासमध्ये चहा भरला. न्हाणीघरातल्या दांडीवर तीन टॉवेल होते, ते थोडे सरकवून तिने मध्ये एक धुतलेला टॉवेल टाकला. मग निळं औषध टोपणात मोजून लेकीच्या हातात दिलं आणि टाकीकडे बोट केलं. लेक झोपाळलेली होती. तिने टोपणाकडे पाहिलं, थर्मासकडे पाहिलं, आईच्या पायातल्या चपलांकडे पाहिलं. "ते जेवायला यायच्या आत याल का दोघी?" तिने विचारलं. आईने मानेनेच हो म्हटलं. लेकीने ओठ दाताखाली धरला, एक दीर्घ श्वास घेतला आणि टोपण सांडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरलं.

दाढीचा फेस लावलेला नवरा दारात येऊन उभा राहिला. "कुठे?" तो म्हणाला, पण त्याला कळलं होतं. "आज? अगं, निदान आजचा दिवस... मला माहीत आहे गं, पण..." तो थांबला. ती उत्तर देईल म्हणून थांबला, आणि मग तिचा नेम त्याच्या ध्यानात आला. अजून कुणालाच काही खाऊपाणी घातलेलं नव्हतं. त्याचा 'पण' दोघांच्या मध्ये लोंबकळत राहिला, आणि त्याच्या टोकाला आज कुणी काही बांधलं नाही. तिने पुढे होऊन त्याच्या कानाजवळचा वाळत चाललेला फेस पदराने पुसला आणि दार हळूच ओढून घेतलं.

जिना उतरताना थर्मास कुशीला ऊन लागत होता. मागे, दाराआड, पाण्यात काही ओतल्याचा आवाज झाला की नुसता भास झाला, ते कळलं नाही. व्हरांड्यात मावशी बसलेली असेल. पिशवी भरलेली असेल किंवा पुन्हा उपसलेली. आधी थर्मासच्या झाकणात चहा ओतून तो तिच्या हातात द्यायचा, आणि ती प्यायली की त्याच झाकणातून आपण घ्यायचा. दिवसाचा पहिला शब्द त्यानंतर. तो कोणता असेल हे तिला अजून माहीत नव्हतं. कोणता नसेल, तेवढं माहीत होतं, आणि ते तोंडात जपत, ओठ मिटून, ती रस्त्याला लागली.